म्होरक्याची हजेरी

कुत्रा मिळाल्याची बातमी शिकारमंडळातल्या वेइक्कोने आणली, आणि तीही पेढे वाटायला आल्यासारख्या तोंडाने.

शुक्रवारची सकाळ होती आणि दुसऱ्या दिवशी शिकारमंडळाची मेजवानी. मूस हरणांचा हंगाम संपला, की ज्यांच्या जंगलांतून शिकार केली त्या जमीनमालकांना मंडळाने त्याच मांसाचं सूप पोटभर खाऊ घालायचं, ही हिएतावारा गावाची जुनी रीत. तौनो मोइलानेन मंडळाचा म्होरक्या, त्यामुळे त्याच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी बटाट्यांची पोती. टेबलाच्या एका टोकाला त्याची बायको सिर्का कांदे चिरत होती, दुसऱ्या टोकाला त्याची म्हातारी आई लेम्पी बटाटे सोलत होती. त्याची बहीण राइली पालिकेच्या आरोग्यकेंद्रात नर्स होती. ती कामावर जाता जाता कॉफीला टेकली होती.

"इल्पोने मला रेक्कू दिला," वेइक्को बूट झटकत म्हणाला. "काल संध्याकाळी स्वतः घेऊन आला. खाण्याच्या पोत्यासकट, पट्ट्यासकट. म्हणाला, तुझ्याकडे बरा राहील. जिल्ह्यात असा कुत्रा नाही, आणि मला फुकट. नशीब काढलं की नाही मी?"

वेइक्कोने स्वतःच कॉफी ओतून घेतली.

"का दिला म्हणाला?" राइलीने विचारलं.

"मी कशाला विचारू? त्याने विचार बदलला असता म्हणजे?"

राइलीने कप खाली ठेवला. तौनोला तिचं ते ठेवणं आवडलं नाही. कुणाच्या छातीचे ठोके ऐकल्यावर ती नळी जशी खाली ठेवायची, तसं ते होतं.

"माणसाने कुत्रा दिला," तौनो म्हणाला. "घर तर नाही ना दिलं."

"इल्पो एक वेळ घर देईल. रेक्कूला नाही देणार."

हे खरं होतं, आणि ते तौनोलाही ठाऊक होतं. इल्पो त्यांचा धाकटा भाऊ. सॉ मिलमध्ये पात्यांना धार लावायचा. त्याने धार लावलेलं पातं लाकडातून लोण्यातून गेल्यासारखं जायचं असं जुने लोक सांगत. वसंतात मिल बंद पडली. उन्हाळ्यात त्याची बायको मार्केटा मुलीकडे औलूला गेली, ती 'थोडे दिवस' म्हणून गेली आणि तिकडचीच झाली. या हंगामात इल्पो शिकारीला आला तेव्हा एक भलंमोठं जनावर त्याच्या पुढ्यातून चालत गेलं आणि याने रायफल उचलली नाही. वायरलेसवर सगळ्यांनी त्याची टिंगल केली. त्यानंतर तो आलाच नाही, आणि कुणी त्याला विचारलंही नाही.

"आपण वसंतात काय शिकलो रे, तौनो?" राइली म्हणाली.

"बन चांगले होते," वेइक्को मध्येच म्हणाला.

वसंतात पालिकेच्या सभागृहात ती बैठक झाली होती. लोक आपल्या हाताने आपला जीव संपवतात ते थांबवायचं म्हणून सरकारने देशभर मोहीम काढली होती. त्याआधी राइलीसारख्या नर्स घरोघर जाऊन, मागे राहिलेल्यांबरोबर बसून, गेलेल्या माणसाचे शेवटचे महिने कसे गेले ते ऐकून आल्या होत्या. मग गावातल्या टॅक्सीवाल्यांना, केस कापणारीला, पाद्र्याला आणि शिकारमंडळाला एकत्र बसवून जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की कुणाची काळजी वाटली तर आडून आडून नको, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार शिरत नाही, विचार आधीच असतो, माणूस फक्त त्याच्याबरोबर एकटा नाही राहत. तेव्हा तौनो छताच्या फळ्या बघत बसला होता. आमच्याकडे लोक एकमेकांना तब्येतसुद्धा विचारत नाहीत, आणि या बाई निघाल्यात भलतंच विचारायला, असं तो घरी येऊन सिर्काला म्हणाला होता.

"मी जाते इल्पोकडे," राइली उठली.

"तू जाऊ नको," सिर्का म्हणाली. "तू गेलीस तर तो तुला ब्लडप्रेशर सांगेल आणि दार लावून घेईल. तौनोने जावं."

तौनोने बायकोकडे पाहिलं. ही कधीपासून राइलीच्या बाजूने झाली ते त्याला कळलं नाही. नणंद-भावजयीचं कधी कॉफीच्या कडूपणावरही एकमत झालं नव्हतं.

"मी? मी काय बोलणार? माणसाला निवांत राहू द्यावं. त्याचं त्याला सुधरेल. आई, तूच सांग ना यांना."

हा त्याचा हुकमी एक्का होता. माणसाला निवांत राहू द्यावं, हे लेम्पीचंच वाक्य. भावंडं लहानपणापासून ते ऐकत आली होती. वडिलांविषयी काही विचारलं की तेच. वडील एइनो ज्या वर्षी गेले त्या वर्षी तळ्यावरचा बर्फ पातळ होता, एवढंच या घरात बोललं जाई आणि पुढे विषय बदलला जाई.

लेम्पीने हातातला बटाटा पूर्ण सोलला, पाण्यात टाकला आणि सुरी खाली ठेवली.

"बर्फ पातळ नव्हता," ती म्हणाली.

कांदे चिरायचे थांबले.

"आदल्या दिवशी त्याच बर्फावरून घोडा गेला होता, लाकडं लादलेला. गावातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी सगळे म्हणाले बर्फ पातळ, आणि मीही म्हणाले." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, मीठ मागावं तसा. "तुमचा बाप महिनाभर गप्प होता. जेवायचा, उठायचा, खिडकीशी बसायचा. सगळे म्हणाले, म्होरक्या आहे, खंबीर माणूस आहे, निवांत राहू द्या. मी राहू दिला. तेव्हा वायरलेस नव्हते. जंगलात तो शिंग फुंकायचा आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचा, आपापल्या जागेवरून सगळे ओ द्यायचे. त्याला कोण हाक मारणार? हाका मारणारा तोच."

राइली आईजवळ जाऊन उभी राहिली, पण तिला हात लावायची तिची हिंमत झाली नाही.

"तौनो," लेम्पी म्हणाली, "तू जा."

"जाऊन सांगू काय? दारात उभा राहून काय म्हणू, सहज आलो?"

हिएतावारात सहज कुणी कुणाकडे जात नाही. कारण नसताना दार वाजवलं तर घरात कुणी मेलं की काय असं वाटतं. सिर्काला हे ठाऊक होतं.

"हंडा आण," ती म्हणाली. "सुपाचा मोठा हंडा त्याच्याच शेडमध्ये असतो. आज आणायचाच आहे. मी सभागृहात जाऊन चूल मांडते."

वेइक्को इतका वेळ कॉफीकडे बघत बसला होता. "मला वाटलं, नशीब काढलं," तो हळूच म्हणाला, आणि कॉफी न पिताच निघून गेला.

*

तौनो हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा सरकारी ट्रक चालवायचा. वादळातही त्याचे हात स्टिअरिंगवर हलले नव्हते. आज मात्र आपल्या साध्या गाडीचे गिअर त्याला सापडेनात.

इल्पोच्या अंगणात त्याने गाडी थांबवली. अंगण गलिच्छ असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ते झाडून लख्ख होतं. लाकडं भिंतीला लावून छपरापर्यंत रचली होती, खिडक्या धुतल्या होत्या, शेडमधली अवजारं ओळीने टांगली होती. पाहुण्यांसाठी आवरतात तसं सगळं आवरलेलं, आणि पाहुणे तर कुणी येणार नव्हते.

इल्पो बाहेर आला. दाढी केलेली, डोळे खोल गेलेले.

"हंडा," तौनो म्हणाला.

"हो."

दोघांनी मिळून हंडा उचलला आणि गाडीच्या मागच्या बाजूला चढवला. दोरी इल्पोने बांधली, नीट, नेहमीसारखी.

"थंडी पडायला लागली," तौनो म्हणाला.

"पडणारच."

"उद्या येशील ना?"

"बघू."

"सिर्का म्हणत होती, यंदा बटाटे बरे आहेत."

"हां."

आणि तौनो गाडीत बसला. देवाशप्पथ, तो बसला आणि त्याने गाडी सुरू केली. काम झालं होतं, हंडा मिळाला होता, चौकशी झाली होती. त्याच्या बापाच्या दाराशीही त्या वर्षी असेच शेजारी येऊन गेले असतील, कुणी करवत मागायला, कुणी घोड्याची नाल दाखवायला. सगळे भले लोक. सगळ्यांनी थंडीची चौकशी केली असेल.

फाटकापाशी त्याने आरशात पाहिलं. इल्पो अंगणात तसाच उभा होता, हात खाली सोडून. त्याचा उजवा हात बोटं किंचित वाकवून लोंबत होता. तिथे नेहमी रेक्कूचं डोकं असायचं.

तौनोने गाडी मागे घेतली. आयुष्यभर भलाथोरला ट्रक अरुंद रस्त्यांवर मागे घेणारा हा माणूस, पण त्याने मागे पाहिलंच नाही, आणि फाटकाचा खांब मोडून गाडी अंगणात आणली. हंडा आतल्या आत घणघणला. तो उतरला आणि भावासमोर जाऊन उभा राहिला.

"इल्पो, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

इल्पोने खांबाकडे पाहिलं. "खांब पाडलास."

"पाडला. मी काय विचारलं?"

वारा नव्हता. तौनोला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आता याने हसावं, वेडा झालास का म्हणावं, एक ठोसा मारला तरी चालेल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"हो," इल्पो म्हणाला.

बैठकीतलं सगळं तो विसरला होता, फक्त एक गोष्ट आठवत होती. 'आणि तो हो म्हणाला तर?' असं वेइक्कोने टवाळीत विचारलं होतं, आणि डॉक्टरीणबाई न हसता म्हणाल्या होत्या, मग त्याला एकटं सोडायचं नाही आणि आम्हाला कळवायचं.

"बरं," तो म्हणाला. "मग मी इथेच आहे."

"सुपाचं काय?"

"सूप गेलं खड्ड्यात."

तेवढ्यात गाडीतला वायरलेस खरखरला. सभागृहातून सिर्का बोलत होती. "तौनो, हंडा कुठे अडकला? पाणी तापवायचंय."

मेजवानीच्या आदल्या दिवशी मंडळातल्या सगळ्यांचे वायरलेस चालू असतात. तौनोने क्षणभर विचार केला आणि इल्पोकडे पाहिलं. इल्पोने खांदे उडवले. मग तौनोने बटण दाबलं.

"मी इल्पोच्या अंगणात आहे. इथून हलणार नाही. राइलीला पाठव."

शिकारीत माणूस आपल्या जागेवरून हलत नाही तो काही निसटू द्यायचं नसतं म्हणून, आणि ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

"पाठवते," सिर्का म्हणाली.

ते आत गेले. इल्पोने कॉफी केली, कारण माणूस घरात आला की कॉफी करायचीच, मग काहीही झालेलं असो. कप समोर आले. तौनोने दोन साखरेचे खडे टाकले, तो साखर घेत नसतानाही.

"मला हुशारीचं काही बोलता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "मी बर्फ ढकलतो."

"मग ढकल," इल्पो म्हणाला, आणि त्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग तो खिडकीकडे बघत बोलायला लागला. "झोप लागत नाही. पहाटे मिलचा भोंगा ऐकू येतो. मिल बंद आहे हे माहीत आहे, तरी उठून बसतो. मग दिवसभर करायचं काय? ज्या हाताला धार कळते, त्याला कामच नाही. मार्केटाचंही बरोबर आहे. गप्प माणसाबरोबर कोण राहील? वाटलं, सगळं आवरून ठेवावं, म्हणजे तुम्हाला त्रास नको."

"भोंगा मलाही ऐकू येतो," तौनो म्हणाला.

"खोटं."

"आईची शपथ. सिर्काला विचार. मी उठून चड्डी चढवतो आणि मग आठवतं, की मी तर मिलमध्ये कधी नव्हतोच."

इल्पो हसला. ते हसणं मध्येच मोडलं आणि तो रडायला लागला, डोकं टेबलावर टेकवून. मोइलानेनांच्या घरात मोठा पुरुष रडताना तौनोने कधी पाहिला नव्हता. काय करावं ते न कळून त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. हात अवघडला तरी त्याने काढला नाही.

"रायफल माझ्याकडे दे," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "मंडळाच्या कपाटात ठेवतो, तुझं नाव लावून. तुला बरं वाटलं आणि डॉक्टर हो म्हणाले, की घेऊन जा."

इल्पोने उठून खिळ्यावरची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. किल्ली दिल्यावर तो आधीपेक्षा सरळ बसला, असं तौनोला वाटलं.

राइली आली ती आईला बरोबर घेऊन. लेम्पी काठी टेकत आत आली, इल्पोच्या शेजारी बसली आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. तोंडातून एक शब्द नाही. पण हे गप्प बसणं वेगळं होतं.

"चल, डॉक्टरकडे जाऊ," राइली म्हणाली. "सांगून ठेवलंय."

"सोमवारी गेलो तर?"

"आज. मी बरोबर आहे. आणि पुढेही असणार आहे, कितीही कंटाळलास तरी."

ते बाहेर पडले तोच वेइक्कोची गाडी मोडक्या फाटकातून आत आली. दार उघडण्याआधीच रेक्कू खिडकीतून निम्मा बाहेर होता.

"हा घे बाबा तुझा कुत्रा," वेइक्को म्हणाला. "रात्रभर रडला, बायकोला झोपू दिलं नाही. आणि खातो किती. मला परवडत नाही." तो इल्पोसमोर आला आणि टोपी काढून हातात घेतली. "त्या दिवशी वायरलेसवर मी तुझी टिंगल केली. पहिली मीच केली."

"चांगली होती टिंगल," इल्पो म्हणाला. रेक्कू त्याच्या पायांत घोटाळत होता, आणि इल्पोचा हात आपसूक त्याच्या डोक्यावर गेला होता.

"हंडा मी नेतो," वेइक्को म्हणाला. "तू कुत्र्याला घेऊन राइलीच्या गाडीत मागच्या सीटवर बस."

*

शनिवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. सुपाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. हंडा बाहेर अंगणात चुलीवर होता, आणि मोठा डाव घेऊन इल्पो तो ढवळत होता.

डॉक्टर त्याच्याशी कितीतरी वेळ बोलले होते. औषध सुरू झालं होतं, सोमवारी पुन्हा जायचं होतं, आणि त्यापुढच्या सोमवारीही. रात्री तो तौनोकडे झोपला होता, आणि रेक्कू सिर्काच्या नव्या गालिच्यावर. सिर्का त्यावर चकार शब्द बोलली नव्हती, आणि हा त्या घरातला चमत्कारच होता. एका रात्रीत माणूस बरा होत नाही, राइलीने सगळ्यांना बजावलं होतं. पण इल्पो चार तास सलग झोपला होता, आणि डाव त्याच्या हातात होता.

गावाला सगळं कळलं होतं. इतर वेळी लोकांनी नजर चुकवून बशा भरून घेतल्या असत्या. आज एकेक जण हंड्यापाशी थांबत होता, आणि काय बोलायचं ते न सुचल्याने काहीबाही बोलत होता. सर्वांत मोठ्या जंगलाची मालकीण, खाष्ट म्हणून प्रसिद्ध असलेली म्हातारी, चाखून म्हणाली, "इल्पो, सूप खारट झालंय. पुढच्या वर्षी मीठ मला टाकू दे."

"पुढच्या वर्षी," इल्पो म्हणाला, आणि डाव जरा थांबवून त्याने मान हलवली.

तौनोने ते ऐकलं. त्याला एकदम इतका आनंद झाला, की तो सभागृहामागे जाऊन लाकडांच्या ढिगाआड नाक शिंकरून आला.

आभाराचं भाषण म्होरक्याने करायचं असतं. तौनोचं भाषण दर वर्षी दोन वाक्यांचं असे. या वर्षीही तो उभा राहिला, दोन वाक्यं बोलला, आणि बसला नाही.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "कल्पना वेइक्कोची आहे, त्यामुळे शिव्या त्याला द्या. हंगाम संपला की आपण वायरलेस कपाटात ठेवतो. यंदा ठेवायचे नाहीत. रोज सकाळी कॉफीच्या वेळी मी हजेरी घेणार. हिवाळाभर, उन्हाळाभर. प्रत्येकाने ओ द्यायची. ज्याची ओ आली नाही, त्याच्या घरी आम्ही जाणार. हंडा मागायला नाही. सरळ विचारायला."

"आणि झोपलेला असला तर?" मागून कुणी तरी विचारलं.

"मग उठवणार."

"मी शिकारी नाही," जंगलवाली म्हातारी म्हणाली. "मला नाही का वायरलेस?"

"देऊ," तौनो म्हणाला. लोक हसले, आणि मग एकामागून एक हात वर व्हायला लागले, शिकाऱ्यांचे आणि त्यांच्या बायकांचे, पाद्र्याचा, केस कापणारीचा. तौनोला वाटलं होतं निम्मे तरी कुरकुरतील. खाली राहिलेला एकही हात त्याला दिसला नाही.

"मग आत्ताच घेऊ," तो म्हणाला, आणि तोंडात सूप असलेल्या लोकांची त्याने हजेरी सुरू केली. त्याने नाव घ्यायचं आणि टेबलांमधून आवाज यायचा, 'जागेवर'. वेइक्को इतक्या मोठ्याने ओरडला की रेक्कू भुंकला. दारात डाव घेऊन उभ्या असलेल्या भावाकडे न बघता तौनो म्हणाला, "इल्पो मोइलानेन."

इल्पोने डाव खाली केला.

"जागेवर," इल्पो म्हणाला.

लोकांनी टेबलं बडवली. बशा उडाल्या, कुणाची कॉफी सांडली, सिर्काने वेइक्कोच्या बायकोला मिठी मारली, आणि त्या दोघी तर वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या गोंधळातून इल्पो पुढे आला. त्याने डाव तौनोच्या हातात दिला.

"एक राहिलं," तो म्हणाला. "म्होरक्याला कोण हाक मारतं?"

पहिल्या बाकावर लेम्पी बसली होती. तिने चमचा खाली ठेवला आणि आपल्या दोन्ही मुलांकडे पाहिलं.

"आजपासून मी मारणार," इल्पो म्हणाला. "रोज, सगळ्यांत शेवटी." मग तो सरळ उभा राहिला आणि जंगलात मारतात तशी, दूरवर जाणारी हाक त्याने दिली. "तौनो मोइलानेन."

तौनोला ओ देता येईना. हातातल्या डावातून सूप त्याच्या चांगल्या बुटांवर ठिबकत होतं. कुणी घाई केली नाही. सगळं गाव थांबून राहिलं.

"जागेवर," तो म्हणाला.